अनुभव नाही, तर पहिली नोकरी लागते कशी?

केंद्र सरकारने १ ऑगस्ट २०२५ पासून 'प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना' सुरू केली. आयुष्यात पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्या आणि भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे आपल्या बोलीत पीएफमध्ये, पहिल्यांदाच नाव लागणाऱ्या माणसाला या योजनेत एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम मिळते. जास्तीत जास्त १५,००० रुपये, दोन हप्त्यांत. पहिला हप्ता सहा महिने काम टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी आणि पैशाच्या व्यवहारांची एक छोटी शिकवणी पूर्ण केल्यावर. पगार मात्र महिना एक लाखाच्या आत हवा. वाढीव माणसं घेणाऱ्या मालकालाही दर माणसामागे महिन्याला ३,००० रुपयांपर्यंत मदत आहे, साधारण दोन वर्षं. कारखानदारीला चार वर्षं. ३१ जुलै २०२७ पर्यंत लागणाऱ्या नोकऱ्या यात धरल्या जातील.

ही बातमी वाचून मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत एकच प्रश्न विचारला जातो: लागल्यावर पैसे मिळतील हे कळलं, पण लागायचं कसं? छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला कंपनीच्या गेटवर गेलं की 'अनुभव किती?' जालन्याच्या स्टील कारखान्यात तेच, लातूरच्या डाळ मिलमध्ये तेच, नांदेडच्या शोरूममध्येही तेच. कोणी पहिलं कामच दिलं नाही तर अनुभव येणार कुठून, हा मुलांचा सवाल अगदी रास्त आहे. पण नवा माणूस घ्यावा म्हणून सरकारला मालकाच्या हातावर पैसे ठेवावे लागतात, याचाही विचार करायला हवा. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला कशाची तरी भीती वाटते. ती कशाची, हे कळलं की पुढची वाट बरीच मोकळी होते.

## 'अनुभव' म्हणजे त्यांना नेमकं काय हवं असतं

सोयाबीन पेरायच्या आधी आपल्याकडे काय करतात ते आठवा. विकतच्या बियाण्याच्या पिशवीवर टॅग असतो, उगवणशक्ती छापलेली असते. घरच्या बियाण्याला टॅग नाही. दाणा टपोरा दिसतो, पण कोंब जिवंत आहे की नाही हे वरून कळत नाही. म्हणून शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि आठवडाभराने किती उगवले ते बघायचं. सत्तर किंवा जास्त उगवले तर पेरायला हरकत नाही. घरचं बियाणं वाईट असतं असं कोणी म्हणत नाही. फक्त त्याची खात्री आपण स्वतः करून घेतो, कारण दुबार पेरणी परवडत नाही.

नोकरी देणाऱ्याचं गणित हेच आहे. समोर बसलेला मुलगा चुणचुणीत दिसतो. पण तो रोज वेळेवर येईल का? पहिला पगार घेऊन गावाकडे जाईल तो परत येईल का? महागडं यंत्र हातात दिलं तर सांभाळेल का? चूक झाली तर लपवेल की सांगेल? हे त्या मुलाला स्वतःला बऱ्यापैकी माहीत असतं, मालकाला अजिबात नसतं. अर्थशास्त्रात याला 'माहितीची विषमता' म्हणतात: व्यवहारातल्या एका बाजूला जे ठाऊक आहे ते दुसऱ्या बाजूला ठाऊक नसणं. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं की अशा ठिकाणी चांगल्या मालालाही संशयाचा फटका बसतो. मायकल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये हाच विचार नोकरीच्या बाजाराला लावला. उमेदवार आपली खरी कुवत थेट दाखवू शकत नाही, म्हणून तो खुणा दाखवतो आणि मालक त्या खुणा वाचतो, असं त्यांचं म्हणणं. या दोघांना आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना या कामासाठी २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

अनुभव ही अशीच एक खूण, पिशवीवरचा टॅग. 'दोन वर्षं अनुभव' याचा अर्थ मालक असा लावतो की दुसऱ्या कोणीतरी या माणसाला दोन वर्षं पगार दिला आणि काढून टाकलं नाही, म्हणजे माणूस चालण्यासारखा असावा. ज्याच्याकडे हा टॅग नाही त्याने शंभर दाण्यांची चाचणी पुढे ठेवायची. तुमच्याकडे वर्षं नसतील, पण मालकाला हवी असलेली खात्री दुसऱ्या वाटेनेही देता येते. या लेखात पुढे जे सांगितलंय ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

## पदवी आहे की, ती पुरत नाही का?

एके काळी पुरायची. तालुक्यात मोजके पदवीधर होते तेव्हा पदवी ही ठळक खूण होती. आता तालुक्या-तालुक्यात महाविद्यालयं आहेत, एका जागेला आलेल्या अर्जांत निम्म्याहून जास्त पदवीधर असले तरी कोणाला नवल वाटत नाही. सगळ्यांच्या हातात असलेली खूण वाचून निवड करता येत नाही. पदवी वाया गेली असं मी म्हणणार नाही. तिच्याशिवाय काही दारं उघडतच नाहीत. पण आत गेल्यावर ती तुम्हाला शेजारच्या खुर्चीवरच्या उमेदवारापेक्षा वेगळं दाखवत नाही.

कंपन्यांमध्ये बीएससीपेक्षा आयटीआय फिटरला चटकन का घेतात, याचंही कारण हेच. फिटरने फाइल चालवलेली असते, बारीक मापं घेणारा व्हर्नियर धरलेला असतो, ड्रॉइंग वाचलेलं असतं. त्याची चाचणी अर्ध्या तासात घेता येते. बीएससीवाल्याची कशी घ्यायची हे मुलाखत घेणाऱ्यालाच कळत नाही.

## मालकाची दुसरी भीती: शिकवलं आणि गेला

ही भीती मराठवाड्यात फार मोठी आहे, आणि तिच्याबद्दल मुलं फारशी बोलत नाहीत.

नव्या माणसाला शिकवण्यात पैसा जातो. दोन-तीन महिने तो पूर्ण काम देत नाही, उलट जुन्या ऑपरेटरचा वेळ खातो. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये यातला एक फरक स्पष्ट केला. काही शिक्षण असं असतं की ते कुठल्याही कंपनीत चालतं, उदाहरणार्थ सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन चालवणं. काही शिक्षण फक्त त्या एका कंपनीच्या उपयोगाचं असतं. पहिल्या प्रकारच्या शिक्षणावर मालक पैसे खर्चायला कचरतो, कारण शिकलेला मुलगा उद्या जास्त पगारावर दुसरीकडे जाऊ शकतो. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या छोट्या वर्कशॉपवाल्याच्या डोळ्यांपुढे हेच असतं: आपण शिकवायचं आणि सहा महिन्यांनी पोरगं पुण्याजवळच्या चाकणला जायचं. म्हणून तो म्हणतो, शिकलेलाच आणा.

यावर उमेदवाराच्या हातात एक उपाय आहे, तो म्हणजे आपण टिकणार आहोत हे पटवणं. पटवायचं ते माहिती देऊन, शपथा घेऊन कोणी मानत नाही. राहायची सोय झाली आहे का, बजाजनगर किंवा रांजणगाव शेणपुंजीत खोली बघून ठेवली आहे का, की रोज गावाहून येणार. सोयाबीन काढणीच्या वेळी घरी किती दिवस लागतात. सैन्य किंवा पोलीस भरतीचं डोक्यात आहे का. हे खरं आणि आधीच सांगणारा उमेदवार मालकाला भरवशाचा वाटतो. काढणीला चार दिवस लागतील असं आधी सांगितलेलं कोणालाही चालतं. न सांगता पंधरा दिवस गायब झालेलं कोणालाच चालत नाही.

## कायद्याने ठेवलेली पहिली पायरी

अनुभव नसलेल्यांसाठी देशात एक जुना कायदा आहे आणि तो आपल्याकडे नीट माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा, रोजच्या भाषेत अप्रेंटिसशिप. कंपनीत प्रत्यक्ष काम करत शिकायचं, त्या काळात पगाराऐवजी विद्यावेतन मिळतं, शेवटी प्रमाणपत्र. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेवर शिकाऊ उमेदवार घेण्याचं बंधन आहे; एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. चार ते एकोणतीस माणसांच्या छोट्या जागेला हवं तर घेता येतात. म्हणजे शिकाऊ मुलगा घेणं हे कंपनीचं उपकार करणं होत नाही, ते तिचं कर्तव्यच आहे. गेटवर विचारताना हे मनात असू द्या.

हे फक्त आयटीआयवाल्यांसाठी असतं, हा समज चुकीचा आहे. २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही वाट मोकळी झाली. बीए, बीकॉम झालेल्यांना कार्यालय, हिशोब, विक्री, गोदाम अशा कामांत शिकाऊ म्हणून घेता येतं. दहावी-बारावीवाल्यांनाही. किमान विद्यावेतन २०१९ च्या नियमांत शिक्षणाप्रमाणे ५,००० ते ९,००० रुपये ठरवलं होतं. कंपनी जास्त देऊ शकते, पुष्कळ ठिकाणी देतातही. विद्यावेतनातला काही भार केंद्र सरकार उचलतं, त्यामुळे छोट्या उद्योजकालाही ते जड जात नाही.

नोंदणी 'अप्रेंटिसशिप इंडिया' या सरकारी संकेतस्थळावर होते. पदवी आणि पदविकावाल्यांसाठी 'नॅट्स' नावाचं वेगळं संकेतस्थळ आहे. एसटीचे विभाग, महावितरण, रेल्वे यांच्याही शिकाऊ उमेदवारांच्या जाहिराती निघतात. रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांना पुढे लेव्हल-१ च्या, म्हणजे सर्वांत खालच्या पगारश्रेणीच्या, थेट भरतीत २० टक्के जागा राखीव असतात, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

याच्या जोडीला महाराष्ट्रात २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना' आली. १८ ते ३५ वयाच्या, शिक्षण थांबलेल्या मुलामुलींना कार्यालयात किंवा उद्योगात काम शिकायचं आणि सरकारने बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना द्यायचे. मुदत आधी सहा महिने होती, पुढे पाच महिन्यांनी वाढवली. 'आम्हाला कायम करा' म्हणून प्रशिक्षणार्थींनी आंदोलनंही केली. त्यांचं दुःख मला कळतं. पण अशा योजनेत जाताना ती कायम नोकरी नाही, मुदतीचं प्रशिक्षण आहे, हे पहिल्या दिवसापासून धरून चालावं आणि त्या महिन्यांत दाखवता येईल असं काम जमवावं. केंद्राची पीएम इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये २१ ते २४ वयोगटासाठी प्रायोगिक म्हणून सुरू झाली. मोठ्या कंपन्यांत बारा महिने, महिना ५,००० रुपये.

कौशल्यच नसेल तर आधी ते घ्यावं लागेल. छत्रपती संभाजीनगरात इंडो-जर्मन टूल रूम आहे, प्लास्टिक उद्योगासाठी सिपेट आहे. या दोन्ही ठिकाणी यंत्रावर हात बसतो आणि इथल्या कारखानदारांना त्यांची नावं ओळखीची आहेत. गल्लीतल्या कुठल्याही क्लासचं चकचकीत प्रमाणपत्र घेण्याआधी एक काम करा: ज्या कंपनीत जायचंय तिथल्या चार कामगारांना विचारा, या क्लासची मुलं तुमच्याकडे लागलीत का?

## म्हणजे स्वस्तात राबवून घेणंच की हे?

काही ठिकाणी होय. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शिकाऊ म्हणून घ्यायचं आणि वर्षभर फक्त पेट्या उचलायला लावायच्या, असं घडतं. आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्या: शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार धरला जात नाही, त्याला पीएफ लागू होत नाही, आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरीत घेण्याची सक्ती कंपनीवर नसते.

खरी शिकाऊ उमेदवारी ओळखायची ती कागदावरून. तुमच्या नावाचा करार सरकारी संकेतस्थळावर नोंदवलेला असतो, त्यात ट्रेड, म्हणजे शिकायचं काम, आणि मुदत लिहिलेली असते. सरकारने नेमलेल्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय शिकाऊ मुलाला ओव्हरटाइम लावता येत नाही. नुसतं 'ट्रेनी' म्हणून घेतलं, करार नाही, ट्रेड नाही, बारा तासांची पाळी, तर तुम्ही कमी पैशात कामगार झालात. नाव काहीही असो.

आणि ६-७ हजारांत वाळूजला राहायचं कसं? खोली आणि खानावळ धरली तर नाहीच भागत. म्हणून शिकाऊ काळासाठी माझा सल्ला सरळ आहे: घराजवळची एमआयडीसी आधी. जालन्याच्या मुलाने जालन्यात, लातूरच्या मुलीने लातूरमध्ये, पैठण-बिडकीनच्या पोरांनी तिथेच शोधावं. कंपनी नावाजलेली नसली तरी चालेल. घरून डबा नेता येईल इतकी ती जवळ असली म्हणजे या टप्प्यावर पुरेसं आहे. मोठ्या गावाला जायचं ते हातात प्रमाणपत्र आणि थोडी बचत आल्यावर.

## कंत्राटदारामार्फत लागलो तर तो अनुभव धरतात का?

धरतात, पण कागद असला तरच. मराठवाड्यातल्या बहुतेक मुलांची पहिली कंपनी ही खरं तर ठेकेदाराची असते. काम मोठ्या कारखान्यात, पगार ठेकेदाराकडून, आणि काही महिन्यांनी ब्रेक. दोन-तीन ठिकाणी असं राबूनही मुलाखतीत 'अनुभव काय?' विचारलं की मुलगा गप्प बसतो, कारण त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं. इतकं काम करून हात रिकामे राहावेत हे मनाला लागतं, आणि ते टाळता येतं.

पहिल्याच महिन्यात दोन गोष्टी बघायच्या. एक, नियुक्तीपत्र. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक केलं आहे. दुसरी, पीएफचा क्रमांक, म्हणजे यूएएन. हा बारा आकडी क्रमांक माणसाचा असतो, कंपनीचा नसतो; नोकरी बदलली तरी तोच चालतो. पगारातून पीएफ कापला जात असेल तर उमंग ॲपवर पासबुक उघडून तो खरंच भरला जातोय का ते बघा. पगार २१,००० पर्यंत असेल आणि जागेला ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असेल तर पगाराच्या पाऊण टक्का त्याचीही कपात दिसेल. त्या बदल्यात दवाखान्याची सोय असते. पीएफच्या पासबुकात कुठल्या आस्थापनेत कुठल्या महिन्यात होता याची नोंद राहते. उद्या ठेकेदाराने फोन उचलला नाही, अनुभवपत्र दिलं नाही, तरी ती नोंद कोणी पुसू शकत नाही.

याच कारणासाठी विकतचं खोटं अनुभवपत्र कधीही घेऊ नका. बनावट कागद हा गुन्हा आहेच, शिवाय मोठ्या कंपन्या यूएएनवरून मागची नोकरी ताडून बघतात. एकदा खोटं सापडलं की खरी लायकीही कोणी ऐकून घेत नाही.

## बायोडाटात लिहायचं काय? काहीच केलेलं नाही

'काहीच केलेलं नाही' असं म्हणणारा मराठवाड्यातला मुलगा मला तरी खरा वाटत नाही. आपल्याकडे दहावीपासून पोरं कामाला जुंपलेली असतात. फक्त त्याला काम म्हणायची सवय नाही.

समजा, परभणीचा एक बीकॉम मुलगा आहे. त्याच्या बायोडाटात नाव, पत्ता, टक्केवारी, छंद 'वाचन व क्रिकेट' आणि खाली 'वरील माहिती सत्य आहे'. मालकाने यातून काय वाचायचं? बोलता बोलता कळतं की दोन हंगाम हा मोंढ्यातल्या एका आडत दुकानावर मुनिमाच्या हाताखाली बसत होता. सकाळपासून सोयाबीन आणि तुरीची आवक, काट्यावरच्या नोंदी, शेतकऱ्यांच्या पट्ट्या बनवणं, हमाली-तोलाई वजा करून रक्कम काढणं, संध्याकाळी संगणकावर टॅली या हिशोबाच्या प्रणालीत नोंदी. एखादी पट्टी चुकली तर शेतकरी समोर उभा राहून जाब विचारतो, तेही याने झेललंय. कुठल्याही गोदामाच्या किंवा अकाउंट्सच्या नोकरीला यापेक्षा चांगली तयारी कोणती? पण बायोडाटात त्याचा एक शब्द नाही, कारण तिथे 'नोकरी' नव्हती, मामाच्या ओळखीने बसत होता.

ते असं लिहावं: 'खरीप हंगाम २०२३ आणि २०२४, आडत दुकान, नवा मोंढा, परभणी. काट्याच्या नोंदी, शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या, टॅलीत रोजच्या नोंदी. रोख मोजणी आणि बँक भरणा. दुकानमालकांशी बोलता येईल.' शेवटचं वाक्य सगळ्यांत मोलाचं. नातेवाईक नसलेला, तुमचं काम पाहिलेला, फोन उचलून दोन वाक्यं बोलेल असा एक माणूस. त्याला आधी विचारून घ्या, मगच नाव द्या.

हाच नियम इतरांना लावा. कृषी सेवा केंद्रात हंगामात विक्रीला उभं राहिलात तर कोणती औषधं, दिवसाला साधारण किती गिऱ्हाइकं, स्टॉकची वही कोण लिहायचं. गावातल्या आपले सरकार सेवा केंद्रावर बसलात तर कोणते दाखले भरले. बचत गटाचं रेकॉर्ड लिहिणाऱ्या मुलीने तर ते छातीठोकपणे लिहावं. हिशोब, बँकेची कामं आणि वीस बायकांशी बोलणं, सगळं त्यात आलं. पाहिलेलं, केलेलं आणि ज्याबद्दल उलट प्रश्न विचारला तर उत्तर देता येईल तेवढंच मात्र लिहायचं.

## ओळखीशिवाय काही होत नाही, हे खरं ना?

अर्धं खरं आहे. पैसे देऊन किंवा पुढाऱ्याच्या चिठ्ठीने लावलेला वशिला आणि माहिती पोचवणारी ओळख, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याची मी बाजू घेणार नाही. दुसरीचा रस्ता मात्र सगळ्यांना मोकळा आहे. छोट्या कारखान्यांत आणि दुकानांत जागा निघाली की जाहिरात क्वचितच देतात. आतल्या माणसाला म्हणतात, 'एखादं चांगलं पोरगं असेल तर सांग.'

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं की जागेची खबर कोणाकडून मिळाली. १९७३ मध्ये त्याने मांडलं की ती जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या, कधीतरी भेटणाऱ्या ओळखींकडून जास्त मिळते. कारण साधं आहे. जिवलग मित्रांना तेच माहीत असतं जे तुम्हाला माहीत असतं. पारावर बसलेल्या चौघांकडे एकच बातमी असते. चार वर्षांपूर्वी गाव सोडून शेंद्र्याला लागलेला वर्गमित्र, कॉलेजचे जुने सर, ट्रान्सपोर्टवाले काका, यांना मात्र वेगळ्या जागांची खबर असते.

त्यांना 'काही काम असेल तर बघा ना दादा' असं म्हणू नका. त्या वाक्यावर कोणालाच काही करता येत नाही. असं पाठवा: 'नमस्कार दादा. माझं बीकॉम झालंय, दोन हंगाम मोंढ्यात आडतीवर हिशोब पाहिलाय, टॅली येतं. तुमच्या कंपनीत स्टोअर किंवा अकाउंट्सला मदतनीस कोण घेतं, त्यांचं नाव कळेल का? एक दिवस येऊन काम करून दाखवायची तयारी आहे.' यात नोकरी मागितलेली नाही, एक नाव मागितलंय. ते द्यायला कोणाला जड जात नाही.

## स्पर्धा परीक्षेत गेलेली वर्षं कशी दाखवायची?

जशी गेली तशी. मधली तीन वर्षं कोरी सोडली की वाचणारा काहीही तर्क करतो. 'स्पर्धा परीक्षेची तयारी' असं स्पष्ट लिहा आणि अभ्यासिकेत बसून जे हातात आलं ते सोबत जोडा: मराठी-इंग्रजी टायपिंगचं सरकारी प्रमाणपत्र, एमएस-सीआयटी, आकडेमोडीचा वेग, लिहिण्याची सफाई. कार्यालयीन कामाला याची गरज असते. 'अजून परीक्षा देणार का?' असं विचारतीलच. देणार असाल तर किती काळ आणि कोणती हे सांगा. आणि तयारी चालू असतानाच अर्ध्या दिवसाचं काम धरता आलं तर जरूर धरा. वय वाढत जातं, आणि प्रत्येक रिकामं वर्ष पुढच्या मुलाखतीत अधिक जड होतं. हे ऐकायला कडू आहे, तरी अभ्यासिकेत वय घालवणाऱ्या लेकरांना कोणीतरी ते मायेने सांगायला हवं.

## मुलींनी काय जास्त बघावं?

पाळीची वेळ आणि येण्या-जाण्याची सोय, अर्ज करतानाच विचारावी. लाजायचं कारण नाही. कंपनीची बस कुठल्या चौकापर्यंत येते, दुसरी पाळी किती वाजता सुटते, लाइनवर इतर मुली आहेत का. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी रोज जाऊन नोकरी करणं पूर्वीपेक्षा परवडतं. पहिल्या नोकरीला विरोध असेल तर वडिलांना एकदा ती जागा दाखवून आणणं, हा उपाय पुष्कळ घरांत लागू पडतो.

## पैसे मागितले तर

उठून यायचं. नोंदणी फी, गणवेशाची अनामत, लॅपटॉपचं डिपॉझिट, 'साहेबांना द्यावे लागतात', नाव कोणतंही असो. नोकरी देणारा पगार देतो, घेत नाही. रेल्वे, एमआयडीसी, बँक यांच्या नावाचं नियुक्तीपत्र व्हॉट्सॲपवर आलं आणि परीक्षा-मुलाखत काहीच झाली नसेल तर ते खोटंच आहे. मूळ गुणपत्रिका किंवा टीसी कोणाकडे ठेवायला देऊ नका, सत्यप्रती द्या. ऑनलाइन पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

## आणि नोकरी देणाऱ्यांनी

आतापर्यंत सगळा बोजा मुलांवर टाकला. तेवढ्याने न्याय होत नाही. शेंद्रा-बिडकीनला ऑरिक हे औद्योगिक शहर उभं राहिलं, नवे कारखाने येण्याच्या घोषणा होत आहेत, आणि त्याच वेळी 'इथे कुशल माणसं मिळत नाहीत' अशी तक्रारही कानावर येते. कुशल माणसं कोणीतरी पहिल्यांदा कामावर घेतलं म्हणूनच कुशल झाली. सगळ्यांनीच दुसऱ्याने शिकवलेला माणूस घ्यायचं ठरवलं तर शिकवणार कोण?

इथल्या उद्योजकांना माझं कळकळीचं मागणं फार मोठं नाही. मदतनिसाच्या, शिकाऊच्या जागेची जाहिरात देताना 'अनुभव आवश्यक' ही ओळ सवयीने लिहू नका. त्याऐवजी काम काय, पाळी कोणती, पगार किती आणि काय करून दाखवावं लागेल ते लिहा. अर्धा दिवस बसवून बघा आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्या. नाही घेतलं तर का नाही, ते एका वाक्यात सांगा: माप चुकलं, टॅली कच्चं आहे, जे असेल ते. हिंगोलीहून पहाटेची एसटी पकडून आलेल्या मुलाला परत जाताना निदान एवढं कळायला हवं की पुढच्या वेळी येण्याआधी काय शिकून यायचं आहे.